‘टूल सेंटरला न्हाई’: उद्यमबागेतल्या एका बोर्डाचं प्रकरण

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका टर्निंग शेडचा, म्हणजे लेथवर धातू कापून सुटे भाग करणाऱ्या शेडचा, बोर्ड मला तीनदा करावा लागला. दोन दिवसांचं काम म्हणून घेतलं होतं, नऊ दिवस गेले, आणि बारा फुटी विनाइलचा एक अख्खा प्रिंट आज माझ्या दुकानाच्या पोटमाळ्यावर गुंडाळून पडलाय. फोटोशॉपमध्ये धातूचा पोत कसा काढायचा हे मला येतं, अशी माझी पक्की समजूत होती. टिळकवाडीत पंधरा वर्षं डीटीपी, लग्नपत्रिका, फ्लेक्स, बोर्ड हेच करतोय. सोनेरी अक्षरं, क्रोमची अक्षरं, पितळी नावपट्ट्या किती केल्या याचा हिशेब नाही. पण आजवरची गिऱ्हाइकं सराफ, हॉटेलवाले, मंगल कार्यालयवाले. चकाकलं की त्यांना धातू वाटायचा. या वेळी समोर बसलेला माणूस चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला होता.

शेड या काकांची स्वतःची. दोन साधे लेथ, एक सीएनसी, एक ड्रिल. आसपासच्या फाउंड्र्यांतून कास्टिंग येतं, इथं त्याचं मशीनिंग होतं. शिवाय फ्लँज, बुश, शाफ्ट असलं जॉबवर्क. जुना बोर्ड पेंटरनं हातानं लिहिलेला, उन्हापावसानं निम्मा पुसलेला. नवा बोर्ड खंडेनवमीच्या आधी लागायला हवा होता. त्या दिवशी मशीनला झेंडूचे हार पडतात, दारात कोहळा फुटतो, पार्टीची माणसं प्रसादाला येऊन जातात. दारावर पुसका बोर्ड बरा दिसत नाही.

मजकूर तीन भाषांत होता. २०२४ च्या दुरुस्ती कायद्यानंतर कर्नाटकात फलकावर ६० टक्के कन्नड लागतं आणि ते वरच्या भागात लागतं. त्यामुळे वर मोठं कन्नड नाव, त्याखाली मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी, उजव्या हाताला कामाचा नमुना म्हणून फेसिंग केलेली, म्हणजे लेथवर तोंड सपाट कापलेली, एक गोल चकती, आणि सगळी बॅकग्राउंड घासलेल्या स्टीलची. "पत्र्यागत दिसू दे," एवढीच सूचना.

पहिला बोर्ड मी सवयीनं केला. कृती निम्म्या डिझायनरांना झोपेतही येते. ५० टक्के करड्या रंगानं लेयर भरायचा. त्यावर ॲड नॉइज, गॉशियन, आणि मोनोक्रोमॅटिकवर टिक. ती टिक विसरली की लाल-हिरवे कण येतात आणि पत्र्यावर हळदीकुंकू सांडल्यासारखं दिसतं. मग मोशन ब्लर, कोन शून्य, की कणांच्या आडव्या रेघा होतात. कडांना त्या रेघा चिकटून सपाट पडतात, म्हणून कॅनव्हास आधीच थोडा मोठा घेऊन शेवटी कापायचा. लेव्हल्सनं काळं-पांढरं ताणायचं, वर एक ग्रेडियंट ओव्हरलेमध्ये. गिम्प या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये हेच सगळं होतं, तिथं त्या ब्लरला लिनियर मोशन ब्लर म्हणतात इतकंच. चकतीला मोशन ब्लरऐवजी रेडियल ब्लर, त्यात स्पिन. अक्षरांना बेव्हल अँड एम्बॉस, म्हणजे कडांना उतार, चिझल हार्ड. ग्रेडियंट वरून खाली, उजळ ते गडद. दीड तासात बोर्ड स्क्रीनवर झगझगत होता.

काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि मॉनिटरला नाक लागेल इतके पुढे झाले. नाव वाचलं नाही, रंग बघितला नाही. सरळ चकतीच्या मध्यावर बोट ठेवलं.

"टूल सेंटरला न्हाई हे."

"काय म्हणालात काका?"

"मधी बघ की. टिकली राहिल्या. टूल सेंटरच्या वर-खाली असलं की अशी टिकली राहतीया. असला पीस पार्टीला दिलो तर दुसऱ्या दिवशी परत येईल."

मी झूम केलं. खरंच, चकतीच्या मधोमध करड्या-काळ्या ठिपक्यांचा एक पुंजका होता. रेडियल ब्लरचा स्पिन प्रत्येक कणाला केंद्राभोवती कमानीत ओढतो. केंद्रापासून लांब असलेला कण भरपूर ओढला जातो, अगदी जवळचा जवळपास हलतच नाही. म्हणून मध्यात नॉइज तसाच उरतो. मला हे वर्षानुवर्षं दिसत होतं आणि मी तिथं नेहमी एखादा लोगो नाहीतर स्क्रूचं डोकं बसवून मोकळा व्हायचो. फिल्टरची जी खोड मी झाकत आलो, ती या माणसाला कारागिराची चूक म्हणून दिसली, आणि लेथवर ती खरोखरच तशी चूक असते. फेसिंग करताना टूलचं टोक बरोबर मध्याच्या उंचीला नसेल तर ते केंद्रातून जात नाही, मधे धातूचा एक टिपका कापायचा राहून जातो.

काकांचं संपलं नव्हतं. "आन हा पत्रा कशानं घासलाईस? बेल्टनं, का हातानं एमरी मारून? सगळे ओरखडे एका मापाचे कसे? आन अक्षराच्या कडंला हा उतार कुठनं आला? लेझरनं कापलं की कड सरळ येते. गॅसनं कापलं तर खडबडीत येते. उतार कुठल्या मशीनवर काढलास?"

मी म्हटलं, "काका, ते सॉफ्टवेअरचं इफेक्ट आहे."

"इफेक्ट ऱ्हाऊ दे. उद्या शेडवर ये. बघ आधी."

थोडा राग आला होता, खोटं कशाला बोलू. बोर्ड वीस फुटांवरून वाचायचा असतो, टिकली कोण बघतंय? पण गेलो.

शेडवर

सकाळी साडेनऊला शेडचं शटर अर्धं वर होतं, आत कूलंटचा तो आंबूस वास. लेथवर सहा इंची चकती चकमध्ये धरली होती. काकांनी फेसिंगचा शेवटचा कट माझ्यासाठी घेतला. टूल कडेकडून मध्याकडे सरकत गेलं, पुढं धातूचा बारीक किस गुंडाळत, आणि मागं चमकणारं तोंड उघडं पडत गेलं. फीड, म्हणजे टूल किती सरकतं, ते विचारलं तर म्हणाले, दर फेऱ्याला ०.२ मिलिमीटर. म्हणजे १५० मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर कडेपासून मध्यापर्यंत ३७५ चऱ्या. आणि खरं तर त्या ३७५ नाहीतच, एकच चरी आहे, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीसारखी आत आत वळत गेलेली. एकाच टोकानं, एकाच वेगानं. माझ्या रेडियल ब्लरच्या चकतीत एखादी रेघ अर्ध्या वळणावर सुरू होऊन पाऊण वळणावर विरत होती. लेथवर हे होऊच शकत नाही. टूल मधेच उचललं तरच तसं होईल.

मग चकती हातात घेऊन दारात आलो. उजेडाचे दोन पंखे चकतीवर पसरलेले, एकमेकांच्या बरोबर समोरासमोर, मध्यातून आरपार. चकती तिच्या जागी फिरवली, पंखे जागचे हलले नाहीत. मी बाजूला सरकलो, तेव्हा हलले. मोबाइलची टॉर्च लावली तर आणखी एक जोडी आली, दुसऱ्या कोनात, पण तीही समोरासमोरच. घरी स्टीलच्या डब्याच्या झाकणावर हे रोज दिसतं, कधी थांबून बघितलेलं नसतं. कारण सोपं आहे. प्रत्येक चरी म्हणजे एक बारीक पन्हळ. पन्हळीवर पडलेला उजेड तिच्या लांबीच्या दिशेनं पसरत नाही, आडव्या दिशेनं पसरतो. चऱ्या गोल असल्या की ती आडवी दिशा म्हणजे मध्यातून कडेकडे जाणारी, म्हणून पंखा. एक दिवा, एक जोडी. माझ्या चकतीवर अँगल ग्रेडियंटनं, म्हणजे मध्याभोवती फिरत बदलणाऱ्या छटेनं, तीन पंखे काढले होते, वाटेल तितक्या अंतरावर. असा पंखा पाडणारा दिवा जगात नाही.

हाच नियम पत्र्याला लावला तर माझी बॅकग्राउंडही चुकलेली निघाली. आडवे ओरखडे असलेल्या पत्र्यावर उजेड वर-खाली पसरतो, म्हणजे उभे पट्टे दिसायला हवेत. मी ग्रेडियंट वरून खाली दिला होता. आडव्या रेघा, आडवाच उजेड. म्हणूनच कदाचित तो पत्रा कमी आणि रंगवलेलं कपाट जास्त वाटत होता.

निघताना काकांनी बेल्टवर घासलेल्या पत्र्याचा तळहाताएवढा तुकडा हातात ठेवला. "घरी घेऊन जा. घासून घासून बघ." शेडमधली पोरं हसली. एकानं विचारलं, "कॉम्प्युटरवाले, काय शिकुलालासा?" मी म्हटलं, टर्निंग.

दुसरा बोर्ड

पत्र्याचा तुकडा स्कॅनरवर ठेवला. स्कॅनरचा दिवा आणि त्याचा डोळा दोन्ही एकाच बांधणीत बसवलेले, कोन बदलत नाही. त्यामुळे तुकडा एका बाजूनं ठेवला तर उजळ आला, काटकोनात फिरवून ठेवला तर काळपट. मी उजळ स्कॅन घेतला. त्यात उजेडाचा पट्टा कुठेच नव्हता, नुसते ओरखडे, आणि मला तेच हवं होतं. पट्टा मी घालणार होतो.

स्कॅन शंभर टक्क्यांवर बघितला आणि काकांचा 'एका मापाचे' हा शब्द कळला. मोशन ब्लरमध्ये डिस्टन्स २०० दिलं की सगळ्या रेघा २०० च्याच होतात. खऱ्या पत्र्यावर आखूड रेघा बऱ्याच, लांब थोड्या, आणि मधूनच एखादी खोल, कारण बेल्टवरचा एखादा दाणा बाकीच्यांपेक्षा मोठा निघतो. काही रेघा अर्धा-एक अंश तिरक्या. मी मोशन ब्लरचे तीन लेयर केले, ४०, २०० आणि ८०० पिक्सेलचे, तिसरा एक अंश फिरवला, आणि वर हातानं दहा-बारा खोल ओरखडे मारले. प्रत्येक लेयर आधी स्मार्ट ऑब्जेक्ट केला, म्हणजे ब्लरचा आकडा नंतर बदलता येतो. स्कॅन बाजूला ठेवून जुळवत गेलो. तासाभरात दोन्ही सारखे दिसायला लागले, तेव्हा जरा छाती फुगली.

चकतीसाठी रेडियल ब्लर सोडूनच दिला. एक पिक्सेल रुंद आणि ३७५ पिक्सेल उंच अशी पट्टी घेतली, एकाआड एक उजळ-गडद, त्यावर अगदी हलका नॉइज. चऱ्या नियमित असतात, पण प्रत्येक चरी हुबेहूब पहिलीसारखी नसते. ती पट्टी फ्री ट्रान्सफॉर्मनं ताणून पूर्ण चौकोन भरला. म्हणजे प्रत्येक ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत एकाच छटेची. त्यावर पोलर कोऑर्डिनेट्स, रेक्टँग्युलर टू पोलर. आडव्या ओळी वाकून पूर्ण वर्तुळं झाली. डावी कड उजव्या कडेला मिळते तिथं शिवण दिसत नाही, कारण ओळ सगळीकडे एकाच छटेची आहे. गिम्पमध्ये डिस्टॉर्ट्समध्ये पोलर कोऑर्डिनेट्स आहे, निकाल तोच. वर अँगल ग्रेडियंट, सॉफ्ट लाइट, दोन पांढऱ्या खुणांमध्ये बरोबर ५० टक्के अंतर, म्हणजे पंखे समोरासमोर येतात. सुरुवातीचा आणि शेवटचा रंग एकच ठेवायचा, नाहीतर घड्याळाच्या काट्यासारखी एक रेघ उमटते.

इथवर सगळं बरोबर होतं. चूक मापात झाली.

बारा फूट बाय चार फूट म्हणजे १४४ बाय ४८ इंच. इंचाला १०० पिक्सेल धरले तर १४,४०० बाय ४,८०० होतात, आणि आठ बिटांचा एकेक पूर्ण लेयर २०० एमबीच्या आसपास जातो. माझा कॉम्प्युटर तीन लेयरनंतर धापा टाकायला लागला. म्हणून मी ३,६०० बाय १,२०० वर डिझाइन केलं आणि शेवटी चौपट मोठं केलं. स्क्रीनवर केसासारखी दिसणारी रेघ चार पिक्सेलची झाली. १०० पिक्सेलला एक इंच, म्हणजे बोर्डावर ती रेघ एक मिलिमीटर जाड. १२० नंबरच्या एमरीचा दाणाच सव्वाशे मायक्रॉनच्या आसपास, मिलिमीटरचा आठवा हिस्सा. एक मिलिमीटरचा ओरखडा म्हणजे कुणीतरी खिळ्यानं पत्रा ओरबाडलाय.

गंमत अशी की ही चूकही रस्त्यावरून कुणाला दिसली नसती. चांगली नजर एका अंशाच्या साठाव्या भागाइतकं अंतर वेगळं ओळखते. वीस फुटांवर, म्हणजे सहा मीटरवर, ते पावणेदोन मिलिमीटर होतं. एक मिलिमीटरची रेघ तिथून मिसळून जाते. रस्त्यावरून दिसतात ते फक्त उजेडाचे मोठे पट्टे. पण बोर्ड शेडच्या दाराशेजारी लागणार होता आणि काका त्याच्याखालून दिवसातून पन्नास वेळा जाणार होते, दोन फुटांवरून.

प्रिंट झाला तेव्हा ओरखड्यांचा विषयच मागं पडला, कारण पत्रा गुलाबी आला होता. ज्या प्रिंटिंगवाल्याकडे दिला त्याच्याशी जरा बाचाबाची झाली. त्याचं म्हणणं फाइल आरजीबी, म्हणजे स्क्रीनच्या रंगांत होती, माझं म्हणणं त्यानं बघायला हवं होतं. दोघंही खरे होतो. स्टीलचा करडा रंग निळी, किरमिजी आणि पिवळी शाई मिसळून उभा राहिला, की तिन्हीपैकी एक जरी दोन टक्के पुढं गेली तरी करडा रंग तिकडं झुकतो. लाल किंवा निळ्या बॅनरवर ते कळत नाही. करड्यावर लगेच कळतं, कारण करड्याला लपायला दुसरा रंग नाही. तोच प्रिंट आज पोटमाळ्यावर आहे.

काकांना तो दाखवायला मी नको म्हणत होतो, पण ते दुकानात आलेच. बघितलं, काही बोलले नाहीत. मग चकतीजवळ वाकले. टिकली गेली होती, त्या मध्यासाठी मी दोन संध्याकाळी घातल्या होत्या, कारण पोलर कोऑर्डिनेट्सही अगदी केंद्रात थोडं चिरमटतं आणि ते मी क्लोन करून साफ केलं होतं. मी वाट बघत होतो.

"सेंटर आता बराबर हाय," काका म्हणाले. "पण फ्लँज न्हवं हे? फ्लँजला मधी भोक असतंय की. भोक मारून टाक, झालं."

तिसरा बोर्ड

आता अक्षरांबद्दल सांगायला हवं, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथं गेला आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

एकाच लेयर स्टाइलनं कन्नड आणि देवनागरी सारखं दिसत नाही. कन्नड अक्षर गोल. बेव्हल दिलं की उजेड वळणावळणानं फिरत जातो, एका बाजूला उजळ, हळूहळू गडद, पुन्हा उजळ, आणि अक्षर ओतीव वाटायला लागतं. देवनागरीत शिरोरेघ आहे. तीन शब्दांच्या नावाला तीन लांब सरळ दांडे. वरून येणाऱ्या उजेडाला त्या दांड्यांच्या वरच्या कडा एकसारख्या उजळतात, आणि अक्षरांवर ट्यूबलाइट बसवल्यासारखी पांढरी पट्टी येते. डोळा शिरोरेघच वाचतो, खालचं अक्षर वाचतच नाही. बेव्हलचा आकार कमी केला, उजेडाचा कोन १२० वरून वेगळा केला, काही उपयोग झाला नाही. त्यात मी ग्लोबल लाइट चालू ठेवला होता, म्हणजे मराठीसाठी कोन बदलला की कन्नडचाही बदलायचा.

शेवटी काकांचा प्रश्नच उपयोगी पडला: कुठल्या मशीनवर काढलास? पत्र्यातून लेझरनं अक्षर कापलं तर त्याला उतार नसतो. वरचं तोंड सपाट, कड सरळ, जाडी तीन-चार मिलिमीटर. मग बेव्हल कशाला? काढूनच टाकलं. सपाट अक्षर, त्यात बॅकग्राउंडचाच पत्रा पण ओरखडे उभे, म्हणजे काटकोनात, आणि म्हणून उजेडाचे पट्टे आडवे. बॅकग्राउंडचे पट्टे उभे, अक्षरांचे आडवे. एवढ्यानंच अक्षर पाठीपासून सुटून पुढं आलं. वरच्या-डाव्या कडेला दोन पिक्सेलची उजळ रेघ, उजवीकडे-खाली जाडीइतकी गडद कड, आणि पाठीवर मऊ सावली. शिरोरेघेवरचा ट्यूबलाइट विझला. कन्नड आणि मराठी एकाच पत्र्यातून कापल्यासारखी दिसायला लागली, जे आधी दहा स्टाइल लावून जमत नव्हतं.

एक जुनं दुखणं मात्र या वेळीही भेटलं. मराठी नाव कोरलड्रॉमध्ये कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून आणलं होतं. देवनागरीत एका अक्षराची शिरोरेघ पुढच्या अक्षराच्या शिरोरेघेवर थोडी चढलेली असते. ते सगळं कम्बाइन केलं की जिथं दोन आकार एकमेकांवर येतात तिथं भोक पडतं, आणि शिरोरेघेत ओळीनं बारीक चौकोनी खिडक्या दिसतात. काळ्या अक्षरात ते नजरेतून सुटतं. स्टीलच्या अक्षरात कडेच्या उजळ रेघेनं प्रत्येक खिडकीला चौकट मिळाली. वेल्ड करायचं असतं, कम्बाइन नाही. हे मी नव्या पोरांना शिकवतो आणि स्वतः विसरतो.

माप या वेळी पहिल्यापासून पूर्ण ठेवलं. कॉम्प्युटर गुदमरू नये म्हणून पत्रा, चकती आणि अक्षरं वेगवेगळ्या फाइलमध्ये करून शेवटी एकत्र आणली. रेघ एक पिक्सेल, म्हणजे बोर्डावर पाव मिलिमीटर. खऱ्यापेक्षा दुप्पट जाड, पण दोन फुटांवरून पटण्यासारखी. वीस फुटांवरून ती दिसत नाही, मग ठेवायचीच कशाला, असा विचार आला होता. एकदा काढूनही बघितली. शून्य म्हणजे काळा आणि २५५ म्हणजे पांढरा धरला तर उजेडाचा एक मोठा पट्टा सहा फुटांत १५० पासून २३० पर्यंत चढत होता. आठ बिटांत त्याच्या ८० पायऱ्या होतात, आणि ७२ इंचांत ८० पायऱ्या म्हणजे जवळपास एकेक इंच रुंद पट्ट्या. त्या वीस फुटांवरूनही मोजता येतात. ओरखडे परत घातले आणि पायऱ्या मोडून गेल्या. न दिसणारे ओरखडे हेच काम करतात.

करडा रंग या वेळी बहुतेक काळ्या शाईत टाकला, त्याला निळ्याचा थोडा हात दिला, फाइल सीएमवायकेमध्ये, म्हणजे छपाईच्या शाईंच्या रंगांत करून दिली, आणि आधी एक फुटाचा तुकडा छापून तो उन्हात धरून बघितला. लॅमिनेशन मॅट. ग्लॉसचं लॅमिनेशन झालं असतं तर माझ्या खोट्या उजेडावर दुपारचा खरा उजेड पडला असता. दोन सूर्य एकाच पत्र्यावर, आणि खोटा लगेच उघडा पडतो.

याच टप्प्यावर काकांनी तो प्रश्न विचारला जो मी पहिल्या दिवसापासून टाळत होतो. "एवढं करण्यापेक्षा खराच पत्रा का लावंना?" ब्रश्ड फिनिशचं एसीपी, म्हणजे ॲल्युमिनियमचे थर असलेली शीट, बाजारात मिळतं, ते मला सांगावंच लागलं. खरा एक मिलिमीटर स्टीलचा पत्रा बारा बाय चारचा घेतला तर सुमारे ३५ किलो भरतो, तेही सांगितलं. काका क्षणभर थांबले. "३५ किलो? रात्रीत भंगारात जाईल," म्हणाले आणि विषय मिटला. मी आणखी एक गोष्ट सांगितली जी शेडवर गेलो होतो त्याच दिवशी दिसली होती: शेडचं तोंड पश्चिमेला आहे, आणि चार वाजता खऱ्या पत्र्यावर ऊन पडलं की त्यावरचं काहीही वाचता येत नाही. पत्र्याचं चित्र वाचता येतं.

व्हिजिटिंग कार्ड बोर्डापाठोपाठ निघालं. तिथं गणित उलटं. ३०० पिक्सेलला एक इंच, हातभर अंतरापेक्षा जवळून बघायचं. एका फुटावर नजरेची मर्यादा आणि कार्डाचा एक पिक्सेल जवळपास सारखेच निघतात, दोन्ही मिलिमीटरच्या बाराव्या भागाएवढे. त्यामुळे ओरखडे दिसतात, मोठे पट्टे मात्र साडेतीन इंचांत मावत नाहीत. कार्डावर गनमेटलचा, म्हणजे तांब्याच्या एका मिश्रधातूचा, बुश होता. त्यावर मी सवयीनं पांढराशुभ्र चमकारा ठेवला आणि बुश प्लॅस्टिकचा दिसायला लागला. प्लॅस्टिक किंवा रंग यांच्यावरचा चमकारा दिव्याच्या रंगाचा असतो. तांबूस-पिवळा धातू स्वतःचा रंग चमकाऱ्यालाही देतो. रेंडरिंगवाले सोन्याच्या परावर्तनाला लाल, हिरवा, निळा या क्रमानं २५५, २२६, १५५ असा आकडा धरतात, म्हणजे सगळ्यात उजळ जागीसुद्धा निळा निम्म्याच्या थोडाच वर. लोखंडाला १९६, १९९, १९९, जवळपास बेरंग. बुशचा चमकारा फिकट पिवळा केला, सावलीत दाराबाहेरच्या तांबड्या मुरुमाची छटा मिसळली. काकांनी कार्ड हातात घेऊन अंगठ्यानं बुशवरून फिरवलं. कार्डावर, खऱ्या बुशवर फिरवावं तसं.

खंडेनवमीच्या आदल्या संध्याकाळी बोर्ड लागला. दुसऱ्या दिवशी पूजेला गेलो तर चकतीच्या भोकातून कुणीतरी झेंडूचा हार ओवायचा प्रयत्न करून सोडून दिला होता. विनाइलवर डाग राहिला. काका त्या पोरावर ओरडले नाहीत.

पंधरा दिवसांनी शेजारच्या शेडचे मालक आले. तसाच बोर्ड पाहिजे, तीच गोल चकती, फाइल आहेच तुमच्याकडे. मी विचारलं, तुमच्याकडे लेथ आहे? नाही, फक्त मिलिंग. मिलिंग कटर सरळ पुढं सरकतो आणि स्वतःभोवती फिरतो, म्हणजे पत्र्यावर एकावर एक चढलेल्या चंद्रकोरी पडतात, आणि कटर थोडा कलला नसेल तर मागच्या धारेच्या उलट्या चंद्रकोरीही. पोलर कोऑर्डिनेट्सनं ते होत नाही. मी त्यांना म्हटलं, शेडवर येतो उद्या, एक कट घेऊन दाखवा.